पाय जमिनीवर हवेत

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. मुलगी उभी राहायला लागली तेव्हापासून दर वाढदिवसाला तिला तिथं टेकवून उभं करायचं, डोक्यावर पट्टी आडवी धरायची, रेघ मारायची आणि शेजारी तारीख घालायची, हा हिचा नेम. मध्ये दोनदा घराला रंग लागला, तेव्हा रंगाऱ्याला दम देऊन तेवढी बाजू तशीच सोडायला लावली. मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. गेली पाच वर्षं तिची रेघ माझ्या डोक्यावरून जाते. त्याच चौकटीवर गेल्या मे महिन्यात माझ्या पायांची लांबी मोजली गेली.

उंच मोटरसायकल घ्यायची तर आधी पायाची आतली लांबी माहीत पाहिजे, असं जाणकारांनी सांगितलं होतं. रीत सोपी आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांत धरून वर, जिथवर जाईल तिथवर न्यायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत टेप लावायचा. आमच्याकडे जाड पुठ्ठ्याचं पुस्तक एकच, सार्थ ज्ञानेश्वरी. मी नुसतं कपाटाकडे पाहिलं तर आतून आवाज आला, "खबरदार!" शेवटी मुलीचं दहावीचं परीक्षेचं पॅड कामी आलं. रेघ तिनेच मारली. ७१ सेंटिमीटर. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुझे पाय माझ्या पहिल्या वाढदिवसाला पण पुरत नाहीत." खरंच, माझी रेघ तिच्या पहिल्या रेघेच्या दोन बोटं खाली होती.

माझी एकूण उंची पाच फूट तीन इंच. आधार कार्डावर उंची छापत नाहीत, लायसनवरही नाही. सरकारचे जे काही उपकार माझ्यावर आहेत त्यांत हा मी फार वरचा धरतो. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत माझा पहिला नंबर कधी चुकला नाही. गुरुजी मला वामनमूर्ती म्हणायचे. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं म्हणत आत्या गालावरून हात फिरवायची. त्यातली मूर्ती वेळेवर आली, कीर्तीचं अजून कळायचंय.

असा माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी ऑफ-रोड मोटरसायकल कशाला घेतो? घरी मी गावाचं कारण सांगितलं. आमची वाडी महाड तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. डांबर संपतं तिथून वर दोन किलोमीटर दगडगोट्यांची वाट, आणि पावसाळ्यात त्या वाटेचा ओढा होतो. ऑफिसात प्रकृतीचं कारण सांगितलं. खरं कारण कुणालाच सांगितलं नव्हतं, ते इथं सांगतो. पाम बीच रोडच्या एका सिग्नलला माझ्या ॲक्टिवाशेजारी एक पोरगा येऊन थांबला. उंच गाडी, पुढे चोचीसारखं मडगार्ड, अंगभर वाळलेला चिखल. त्याचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकलेले, हात मांड्यांवर, पाठ ताठ. जणू गाडी त्याच्या पायांखालून उगवली होती. सिग्नल सुटला तेव्हा त्यानं नुसते पाय उचलले आणि गेला. मला त्याची गाडी नको होती, त्याचा वेगही नको होता. मला ते थांबणं हवं होतं.

नवी मुंबई हे आखूनरेखून वसवलेलं शहर. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या भातखाचरांवर, मिठागरांवर सेक्टर पडले. इथं माणसाचा पत्ता म्हणजे गणिताचं उत्तर असतं. अशा शहरात ऑफ-रोड गाडीचं काय काम, असं कुणीही विचारील. पण जरा नकाशा बघा. न्हावाशेव्याहून शिवडीला जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, त्यावर दुचाकीला बंदी. कळंबोलीहून सुटणारा पुण्याचा एक्स्प्रेसवे, त्यावरही दुचाकीला बंदी. दोन चांगले गुळगुळीत रस्ते आमच्या दारातून निघतात आणि दोन्हींवर आम्हाला मज्जाव. उरला मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. ती बारावी झाली, रस्त्याचा निकाल अजून राखून ठेवलेला आहे. तात्पर्य, दुचाकीवाल्याच्या वाट्याला जे येतं ते आपोआपच ऑफ-रोड असतं.

(रविवारी पहाटे सगळा सरंजाम अंगावर चढवून, मागे ॲल्युमिनियमचे डबे लावून नेरूळ-खारघरहून निघणाऱ्या गाड्यांना हे लागू नाही. त्यांतल्या बऱ्याचशा पळस्प्याच्या दत्त स्नॅक्सला मिसळ खाऊन साडेनवाच्या आत घरी येतात. त्यांच्या वाटेत आलेला सर्वांत मोठा डोंगर म्हणजे सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक.)

मग मी माहितीपत्रकं गोळा केली. बेलापूरला एका क्लिअरिंग एजंटाकडे मी जहाजातून येणाऱ्या मालाची मापं तपासतो, त्यामुळं मापांचे कागद वाचायची सवय आहे. इंजिन, ताकद, दिवे वगैरे सोडून मी सरळ 'सीटची उंची' या ओळीवर जायचो आणि टेप घेऊन चौकटीपाशी. दोन रेघांच्या मधली जागा त्रैराशिकानं भरायची. रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन, २०१६ साली आलेली ४११ सीसीची, सीट ८०० मिलिमीटर: मुलगी दीड वर्षाची. हीरोची एक्सपल्स २००, २०१९ साली आली तेव्हा ८२३ आणि पुढे चार व्हॉल्व्हच्या मॉडेलात ८२५: एक वर्ष आठ महिने. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५. केटीएमची ३९० ॲडव्हेंचर २०२० साली आली ती ८५५ घेऊन: दुसरा वाढदिवस, ज्या दिवशी मेणबत्ती विझवायला सांगितल्यावर मुलीनं भोकाड पसरलं होतं तो. एक्सपल्सचीच 'प्रो' म्हणून निघालेली आवृत्ती तर ८९१. तिथवर मुलगी अडीच वर्षांची होऊन बडबडगीतं म्हणायला लागली होती, आणि मी खाली, पहिल्या वाढदिवसाच्याही अलीकडे.

या गाड्या एवढ्या उंच का करतात, ते मी समजून घेतलं. खालून दगड जायला पाहिजे म्हणून इंजिन वर. खड्ड्यात चाक वरखाली व्हायला वाव पाहिजे म्हणून सस्पेन्शन लांब. एक्सपल्सचं पुढचं चाक १९० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेसात इंच हलतं. त्या सगळ्याच्या डोक्यावर सीट आणि सीटच्या डोक्यावर माणूस. थोडक्यात, दगडाला वाट करून द्यायला मला माळ्यावर बसवायचं. सीट खाली घ्यायची तर चाकाचा वाव तरी कमी करा नाहीतर इंजिन तरी खाली आणा, आणि मग ती गाडी ऑफ-रोड राहत नाही.

बरं, आपल्या देशातल्या सरासरी पुरुषाची उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास आहे. मी १६०. म्हणजे सरासरीला मी जेमतेम दोन इंच कमी. हे मी हिला कागदावर मांडून दाखवलं आणि म्हटलं, "मी बुटका नाहीये, गाड्या उंच आहेत."

"हो का? मग फळीवरच्या डब्यांचंही तसंच असेल," ही म्हणाली. माझी बायको माझ्यापेक्षा दोन इंचांनी उंच आहे, हे सांगायचं राहिलं.

तुर्भ्यापासून खारघरपर्यंत जेवढी शोरूम दिसली तेवढी मी चढलो. सगळीकडे साधारण एकच प्रकार. टाय लावलेला मुलगा आधी गाडीकडे बघतो, मग माझ्याकडे वरून खालपर्यंत बघतो (ह्याला फार वेळ लागत नाही), आणि आवाज मऊ करून म्हणतो, "सर, आपल्याकडे स्कूटरमध्येही छान कलर आलेत." एकानं "मुलासाठी बघताय का?" असं विचारलं. तो मला त्यातल्या त्यात सभ्य वाटला.

एका ठिकाणी मी हट्टानं गाडीवर टांग टाकली. टांग निम्मी पडली. पोटरी सीटवर अडकली, ती ना पुढे जाईना ना मागे येईना. वाळत घातलेल्या पंचासारखा एक पाय गाडीवर आणि दुसऱ्या पायावर मी, शोरूमच्या पुसलेल्या फरशीवर, चेहरा हसरा ठेवून. पलीकडे एक कुटुंब नव्या स्कूटरची पूजा करत होतं. नारळ उचललेले आजोबा तसेच थांबले. पाय सुटेपर्यंत त्यांनी नारळ काही फोडला नाही, इतकी ती माणसं समजूतदार होती.

यातून मला वर काढलं ते आमच्या बिल्डिंगमधल्या इतिहासाच्या निवृत्त मास्तरांनी. लिफ्टमध्ये गाठ पडली, हकीकत ऐकली आणि त्यांना भरतंच आलं. "अहो, भीमथडीची तट्टं विसरलात काय? भीमेच्या खोऱ्यातली ती जात. उंचीला बेताची, पण काटक, मिळेल त्या चाऱ्यावर राहणारी, दऱ्याडोंगरांत न दमणारी. मराठ्यांचं घोडदळ त्यांवर होतं. १७५८ साली आपण अटकेला पोचलो, ते सगळे काय उंच अरबी घोड्यांवर बसून? आणि अटकेपर्यंतचा रस्ता डांबरी होता असं वाटतं तुम्हाला?" लिफ्ट आमच्या मजल्यावर येऊन परत खाली गेली तरी मास्तर पानिपताच्या अलीकडे थांबायला तयार नव्हते. पण निघता निघता त्यांनी कामाची गोष्ट सांगितली. "घोड्यावर जमिनीवरून कुणी उडी मारतं का? डावा पाय रिकिबीत, उठायचं, मग टांग."

दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. गाडी साइड स्टँडवर, डावा पाय पायदानावर, हँडल धरून सरळ उभं राहायचं आणि उजवा पाय डौलात पलीकडे. स्टँडवर सगळा भार येतो म्हणून शोरूमवाला मुलगा डोळे मिटून घेतो, तेवढं सोडलं तर रीत उत्तम आहे. तेव्हापासून मी गाडीवर बसत नाही, स्वार होतो.

धीर देणारे आणखीही भेटले. ऑफिसातला मित्र म्हणाला, "अरे, गावसकर बघ. तेंडुलकर बघ. दोघेही पाच फूट पाचच्या घरातले. गावसकरनं १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये ७७४ धावा काढल्या त्या उंचीवर काढल्या का?" मी म्हटलं, गावसकरांना खेळपट्टीवर सिग्नलला थांबावं लागत नव्हतं. मग त्यानं स्पेनचा दानी पेद्रोसा काढला. हा गृहस्थ बरोबर माझ्याएवढा, १६० सेंटिमीटर, आणि मोटोजीपीच्या सर्वांत वरच्या वर्गात ३१ शर्यती जिंकलेला. मान्य. पण शर्यत संपवून तो आपल्या गोटात आला की गाडी धरायला माणसं धावत येतात. बेलापूरच्या सिग्नलला माझी गाडी धरायला कोण येणार?

सगळी गोम तिथंच आहे. गाडी चालू असताना पाय पायदानावर असतात. तेव्हा तुम्ही सहा फुटी असा की साडेचार फुटी, रस्त्याला पत्ता लागत नाही. उंची लागते ती फक्त थांबल्यावर. हे ज्ञान मला एका टेस्ट राइडला झालं, आणि तेव्हा मी ताशी शून्य किलोमीटर वेगानं पडलो.

ठाणे-बेलापूर रोडच्या सर्व्हिस रोडला समोरून टेम्पो मागे येत होता म्हणून मी थांबलो. गाडीची सीट कागदावर माझ्या बेतातली होती, गाडीची बिचारीची काहीच चूक नाही. मी डांबराच्या अगदी कडेला थांबलो होतो आणि कड तुटलेली होती. डावा पाय जमीन शोधायला खाली गेला आणि जमीन घरी नव्हती. तीन-चार इंच पलीकडे असेल, पण माझ्याजवळ ते तीन-चार इंच नव्हते. गाडी थोडी कलली तोवर ती माझी होती, मग हळूहळू ती पृथ्वीची झाली. इतक्या सावकाश पडलो की मध्ये मला विचार करायला वेळ मिळाला. किल्ली बंद करावी की चष्मा काढून ठेवावा, एवढ्यात आम्ही दोघं आडवे झालो. टपरीवरचे तिघं धावले. त्यांनी आधी गाडी उभी केली, आरसा सरळ केला, टाकीवरची माती पुसली, मग एकानं मला हात दिला. दुसरा गाडीकडे मान वर करून बघत म्हणाला, "दादूस, ही गारी हाय का झार?"

माझा मेकॅनिक करावे गावातला. त्याच्या गॅरेजपासून पाच मिनिटांवर खाडीकडची पाणथळ, जिथं हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात आणि त्यांना बघायला माणसं येतात. खरचटलेलं कोपर घेऊन मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो की दोन्ही पाय टेकतील अशी गाडी सांग. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, तो फ्लेमिंगो किती पाय टेकतो?"

"एक. पण त्याचे पाय बघितलेस का केवढे आहेत?"

"लांब असून एकच टेकतो. तुम्ही आखूड पायांचे दोन टेकायला बघता."

मग त्यानं मला जे शिकवलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. एक तर सीटची छापील उंची मोकळ्या गाडीची असते. माणूस बसला की गाडी खाली दबते. किती, ते माणसाच्या वजनावर. "तुम्ही अठ्ठावन्न किलो. तुम्ही बसला हे गाडीला कळतच नाही. दहा किलो वाढवा." वजन वाढवा असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शास्त्रीय कारण देऊन सांगत होतं, मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं आणि आठवडाभर भातावर तूप वाढून घेतलं. दुसरं म्हणजे सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय आडवे होऊन आखूड पडतात. भरल्या पोत्यावर बसून पाय टेकत नाहीत, तेवढ्याच उंचीच्या भिंतीवर बसलं तर टेकतात. म्हणून रुंद सीटच्या ८०० पेक्षा अरुंद सीटची ८२५ बरी. आणि थांबताना मधोमध बसून राहायचंच नाही. बूड सरकवून अर्धं सीटच्या बाहेर काढायचं, डावा पाय पूर्ण खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. "एक कुल्ला आत, एक बाहेर," तो म्हणाला. "लोकलच्या चौथ्या सीटवर बसता ना, तसं." नवी मुंबईकराला याहून स्वच्छ कुणी काही समजावून सांगू शकणार नाही. बेलापूर-सीएसएमटीला बावीस वर्षं मी दुसरं काय केलं?

पण त्याची खरी परीक्षा वेगळीच होती. त्यानं गॅरेजबाहेर दोन जुने टायर टाकले, त्यांवर एक गाडी अलगद आडवी केली आणि म्हणाला, "उचला." सीटकडे पाठ करायची, खाली बसायचं, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला, पाठ सीटला टेकवून गुडघ्यांच्या जोरावर उठायचं आणि बारीक बारीक पावलं टाकत मागे जायचं. कमरेनं उचलाल तर कंबर राहणार नाही. जुनी हिमालयन १९९ किलो. मी उठलो, ती उठली नाही. एक्सपल्स ४व्ही १५८ किलो. तिसऱ्या खेपेला ती उभी राहिली आणि मी तिला टेकून बराच वेळ उभा राहिलो. सीट पंचवीस मिलिमीटरनं उंच, पण गाडी एकेचाळीस किलोनं हलकी. बुटक्या माणसानं टेप घेऊन फिरू नये, काटा घेऊन फिरावं, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. पडायचं तर आहेच, एकट्याला उचलता येण्याशी मतलब.

अशा रीतीनं एमएच-४३ पासिंगची एक वापरलेली एक्सपल्स माझ्या घरी आली. हिनं कुंकू लावलं, लिंबू ठेवलं, आणि मग सहज म्हणून वर बसली. दोन्ही पायांचे चवडे टेकले. "बरी आहे की! उंच कुठाय?" हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

गाडी आल्यावर तिला खाली आणायचे उपाय सुचवणारे उगवले. मागच्या सस्पेन्शनची पट्टी बदलून गाडी इंचभर खाली घेता येते. पण मग खालून दगड लागतो, पुढचा दिवा आभाळाकडे बघायला लागतो, आणि साइड स्टँड गाडीला लांब पडून ती जवळजवळ सरळ उभी राहते. जरा वारा आला की भलतीकडे झोपते. तो नाद मी सोडला. बुटाचा तळवा जाड करून घेतला, त्यानं दीडेक सेंटिमीटर मिळालं. राहिली सीट.

सीट शिवणाऱ्याकडे अख्खी दुपार बसलो होतो. त्यानं स्क्रूड्रायव्हरनं रेक्झिनच्या पिना एकेक करून उचकटल्या आणि खोबऱ्याच्या वाटीत ठेवल्या. रेक्झिन सोललं तसा आतला पिवळा फोम निघाला. मला त्यावर बसवून त्यानं दोन्ही मांड्यांच्या कडेनं खडूनं रेघ मारली. मला वाटलं होतं तो वरून काप घेईल. तो म्हणाला, वरून घेतला तर तासाभरात पत्रा टोचेल. मांडी जिथून खाली उतरते तिथल्या कडा घ्यायच्या. करवतीच्या पात्यानं त्यानं दोन्ही कडा तिरप्या उतरवल्या, मग ग्राइंडरला घासकागद लावून घासत बसला. बेसनासारखी पिवळी भुकटी उडत होती. माझ्या मिश्यांवर, त्याच्या पापण्यांवर, शेजारच्या वडेवाल्याच्या ताटावरही बसली असेल. त्याला फरक कळला नाही. वरून फोम घेतला तो फक्त बोटभर. पण रेक्झिन परत ताणून ठोकल्यावर मी बसलो तर डाव्या पायाचा चवडा अख्खा टेकला, आणि टाच जमिनीपासून इतकी जवळ आली की मध्ये पोस्टकार्ड नाही तरी पोळी सरकली असती.

आता शहर मला निराळं दिसतं. लोकांना नवी मुंबई स्टेशनांवरून, मॉलवरून कळते. मला ती फुटपाथच्या कडांवरून कळते. काळ्या-पिवळ्या रंगाची, सहा इंच उंच कड डाव्या हाताला असली की तिच्यावर पाय ठेवून मी सहा फुटी माणसासारखा थांबतो. मोराज सर्कलकडून किल्ल्यापर्यंत पाम बीचवर कुठे कड सलग आहे, कुठे तिला गटाराच्या झाकणासाठी खिंडार आहे, कुठल्या सिग्नलला कडेला फुलवाला टोपली मांडून बसतो, हे मला पाठ आहे. अक्षर चौकाच्या अलीकडे सिग्नल पिवळा दिसला की मी पन्नास मीटर आधीच डावीकडे सरकतो. शेजारचे समजतात काका शिस्तीचे आहेत. पावसाळ्यात पाणी साचून कड दिसत नाही तेव्हा मी सरळ बसनं जातो.

गणपतीत गावी नेली. वाटेवर शेवटचे दोन किलोमीटर मी पायदानावर उभा राहून चढवले. इथं एक गंमत कळली. उंच माणूस उभा राहिला की हँडल खाली राहतं आणि त्याला कमरेत वाकावं लागतं. मला हँडल बरोबर हाताशी येतं. दगड खालून जात होते, चाकं वरखाली होत होती, मी मध्ये स्थिर. फक्त थांबायचं नव्हतं. एकदा म्हशी आडव्या आल्या तर मी त्यांच्याभोवती दोन चकरा मारल्या, थांबलो नाही. वाडीच्या तोंडाशी पिंपळाचा पार आहे. त्याला गाडी भिडवली, डावा पाय पारावर ठेवला, हात मांडीवर, पाठ ताठ. पारावर बसलेल्या चुलत्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाले, "उतर की आता. असा काय पाटलासारखा पाय ठेवून उभा राहिलायस?"

मी तसाच थोडा वेळ उभा राहिलो.

आता एक विनंती. रिक्षावाले भाऊ, बसवाले मामा आणि तमाम लांब पायांचे दुचाकीवाले, सिग्नलला तुम्ही कुठंही थांबा, तुमचं सगळीकडे भागतं. फक्त डाव्या हाताला फुटपाथच्या कडेशी एका पावलापुरती जागा सोडत जा. तिथं मी येऊन थांबेन. आणि मागून हॉर्न वाजवू नका. सिग्नल सुटेपर्यंत मला तिथून हलता येत नाही.